मोडलेल्या दंतपंक्तीची पुनर्उभारणी

ग्रामसभेत प्रश्न विचारण्यासाठी उठलेली एखादी स्त्री पदराचे टोक ओठांवर धरून बोलते. वर्गातील एखादा मुलगा उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही. घरच्या लग्नाच्या छायाचित्रात सर्व मंडळी हसत असताना एखादा कर्ता पुरुष तेवढा ओठ घट्ट मिटून उभा असतो. अशा वागण्याला लोक भिडस्तपणा म्हणतात. पुष्कळदा त्याचे खरे कारण किडलेले, तुटलेले किंवा पडून गेलेले दात हे असते.

दात गेल्याने केवळ रूप जाते असे नाही. नाचणीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, सुके बोंबील, कच्ची काकडी हे पदार्थ एकेक करून ताटातून नाहीसे होतात आणि माणूस मऊ भात व चहात बुडविलेला पाव यांवर येऊन ठेपतो. त, थ, द, ध, न हे वर्ण शाळेत दंत्य म्हणून शिकविले जातात; पुढचे दात नसलेल्या माणसाच्या तोंडून ते स्पष्ट उमटत नाहीत. आहार, वाणी आणि चारचौघांत वावरण्याचा विश्वास या तिन्ही गोष्टींवर दातांचा असा परिणाम होत असतो.

पार बिघडलेले तोंडही आज बऱ्याच अंशी पूर्ववत करता येते. मात्र त्या उपचाराला एक निश्चित क्रम आहे. तो क्रम मोडला अथवा उपचार अर्ध्यावर सोडला, तर खर्च झालेला पैसा आणि उरलेले दात हे दोन्ही गमावण्याची पाळी येते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात दंतवैद्यांची वाण नाही. वाण आहे ती या क्रमाच्या माहितीची. म्हणून तो येथे विस्ताराने दिला आहे.

हानी कशी होते

प्रौढ माणसाच्या तोंडात ३२ दात असतात : ८ पटाशीचे, ४ सुळे, ८ उपदाढा आणि अक्कलदाढा धरून १२ दाढा. दाताचे बाहेरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचे असते. परंतु त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा पडलेले खिंडार आपोआप भरून येत नाही. कवचाखाली दंतिन आणि त्याच्या आत नसा व रक्तवाहिन्या असलेली मज्जा असते.

दाताला ‘कीड लागते’ असे म्हटले जात असले तरी त्यात किडा नसतो. दातातून किडा काढून दाखविणारे रस्त्यावरचे लोक हातचलाखी करीत असतात. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जंतू साखरेचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल कवचातील खनिज विरघळविते. गोड खाल्ल्यानंतर सुमारे अर्धा तास हे आम्ल टिकते. दिवसातून एकदा जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यापेक्षा पहाटेची गाडी पकडल्यापासून रात्री घरी परतेपर्यंत पाच-सहा वेळा गोड चहा आणि बिस्किटे घेणाऱ्याचे दात अधिक धोक्यात असतात, ते याच कारणाने.

दुसरे कारण हिरड्यांचे. साफ न झालेला थर कठीण होऊन त्याचे किटण बनते. हिरड्या सुजतात, रक्त येते आणि मुळांभोवतीचे हाड हळूहळू झिजते. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच रोग होय. तो बहुधा दुखत नाही. त्यामुळे दात हलू लागेपर्यंत रोगी निर्धास्त राहतो. मधुमेह्यात हा रोग बळावतो, आणि हिरड्यांतील पू व सूज यांमुळे मधुमेह आटोक्यात ठेवणे अवघड होते.

तिसरे कारण तंबाखू आणि सुपारी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. यात भाजलेल्या तंबाखूची मशेरी येते. दात स्वच्छ होतात या समजुतीने, विशेषतः स्त्रिया, ती रोज हिरड्यांवर चोळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूची सवय आणि तोंडातील कर्करोगपूर्व विकृती यांचा निकट संबंध त्यांतून दिसून आला. सुपारीमुळे गालांची आतील बाजू ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते.

यांखेरीज मुंबई-नाशिक महामार्गावरील अपघात, झोपेत दात खाण्याची सवय आणि कारखान्यात आम्लाच्या वाफांशी येणारा दीर्घ संपर्क यांनीही दात तुटतात वा झिजतात. एकाच तोंडात यांपैकी तीन-चार कारणे एकत्र आली, म्हणजे सबंध दंतपंक्ती ढासळते.

एक नमुना

क्रम समजण्यासाठी एक काल्पनिक परंतु नेहमी आढळणारा रोगी डोळ्यांपुढे ठेवू. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, कल्याणला राहणारा, पंचेचाळीस वर्षांचा कामगार. वरचे दोन पुढचे दात पूर्वीच्या अपघातात तुटलेले. उजवीकडील खालच्या दोन दाढा काढून टाकलेल्या. डावीकडे तीन दातांत खोल कीड. खालचे पुढचे दात हलणारे. आणि उरलेले दात झिजून आखूड झालेले. वीस वर्षांची तंबाखूची सवय आणि नुकताच आढळलेला मधुमेह. मुलीचे लग्न ठरले आहे, आणि “पुढचे दोन दात तेवढे लग्नाआधी बसवून द्या,” एवढीच त्याची मागणी आहे.

ही मागणी स्वाभाविक आहे. पण ती जशीच्या तशी पुरविणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे होय. त्या दोन दातांना आधार कोणत्या दातांचा घ्यावयाचा, ते आधाराचे दात किती वर्षे टिकतील आणि मागे चावण्यास दाढा नसल्यामुळे सर्व भार पुढच्या नव्या दातांवर पडून ते मोडणार नाहीत काय, हे प्रश्न प्रथम सुटावे लागतात.

उपचाराचे टप्पे

पहिला टप्पा संपूर्ण तपासणीचा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि व्यसने यांची माहिती दंतवैद्याला न लपविता द्यावी लागते. प्रत्येक दाताभोवती बारीक सळईने हिरडीची खोली मोजली जाते. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर असते. त्याहून खोल पोकळी हाडाची झीज सुचविते. सर्व दात व जबडे एकत्र दाखविणारे क्ष-किरण चित्र घेतात. दोन्ही जबड्यांचे साचे घेऊन प्लास्टरच्या प्रतिकृती तयार करतात आणि त्या जबड्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या यंत्रावर बसवितात. या आधारे दातांचे तीन वर्ग पडतात : निश्चित वाचणारे, संशयित आणि न वाचणारे. नमुन्यातील कामगाराची मधुमेहाची ‘तीन महिन्यांची साखर’ याच वेळी तपासली जाते.

दुसरा टप्पा वेदना व धोका दूर करण्याचा. ठणकणारा दात आणि पू झालेली गाठ यांवर प्रथम इलाज होतो. तोंडात दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा आढळल्यास इतर सर्व काम थांबवून त्याचा तुकडा तपासणीस पाठवावा लागतो. दात काही महिने थांबू शकतात. कर्करोगाचे निदान थांबू शकत नाही.

तिसरा टप्पा पाया घालण्याचा. किटण काढून दातांची मुळे स्वच्छ केली जातात. न वाचणारे दात काढले जातात, बाकीच्यांची कीड कोरून तात्पुरते भरण घातले जाते. दात घासण्याची योग्य पद्धत रोग्याला हाताला धरून शिकविली जाते आणि तंबाखू सोडविण्याचे प्रयत्न येथेच सुरू होतात. तोंड साफ केल्याने दात सैल होतात अशी समजूत आढळते. वस्तुस्थिती अशी की, दात आधीच सैल झालेले असतात. किटणाच्या जाड थराने ते जखडून धरलेले असल्यामुळे ते जाणवत नाही. दीड-दोन महिन्यांनी हिरड्या पुन्हा तपासतात आणि संशयित दातांचा निर्णय तेव्हा होतो. पुढचे दात नसल्याची अडचण या काळात हलक्या, काढता-घालता येणाऱ्या तात्पुरत्या दातांनी भागविता येते. नमुन्यातील कामगाराला मुलीच्या लग्नात मोकळेपणाने हसता येईल ते या तात्पुरत्या दातांमुळेच, आणि त्यासाठी पायाचे काम वगळण्याची गरज पडत नाही.

चौथा टप्पा मुळांचा. कीड मज्जेपर्यंत पोहोचली असेल तर मूळनलिका उपचार, म्हणजेच रूट कॅनाल, करतात. बधिरतेचे इंजेक्शन देऊन दूषित मज्जा काढली जाते, नलिका स्वच्छ करून भरल्या जातात आणि दाताचे उर्वरित मूळ जागेवर राखले जाते. दुखणे थांबले म्हणून येथेच उपचार सोडणारे रोगी पुष्कळ असतात. असा पोकळ झालेला दात, विशेषतः दाढ, टोपी न बसविल्यास चावताना उभी चिरफळण्याचा संभव असतो; मग ती वाचविता येत नाही.

पाचवा टप्पा चाव्याची उंची ठरविण्याचा. दात झिजले किंवा दाढा गेल्या, म्हणजे नाक आणि हनुवटी यांतील अंतर कमी होते, ओठ आत ओढल्यासारखे दिसतात आणि चेहरा अकाली म्हातारा वाटतो. गेलेली उंची एकदम वाढविल्यास जबड्याचे सांधे व स्नायू दुखू शकतात. म्हणून प्रतिकृतींवर मेणाचे दात घडवून भावी रूप आधी पाहिले जाते, त्याबरहुकूम तात्पुरत्या टोप्या बसवितात आणि काही आठवडे रोगी त्यांनी जेवतो, बोलतो. तक्रार उद्भवल्यास दुरुस्ती याच वेळी होते. घराच्या नकाशात बदल करणे सोपे, बांधलेली भिंत पाडणे महाग. त्यातलाच हा प्रकार.

सहावा टप्पा कायमच्या दातांचा, आणि सातवा, आयुष्यभर चालणारा, देखभालीचा. एवढे बिघडलेले तोंड सुधारण्यास सहा महिने ते एक वर्ष लागणे साहजिक आहे.

कवळी, सेतू की रोपण ?

गेलेल्या दातांची जागा भरण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त. ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी लागते. मात्र पूर्ण कवळीची चावण्याची शक्ती नैसर्गिक दातांच्या साधारणपणे पाव भागाच्या आसपासच असते. दुसरा मार्ग सेतूचा. यात मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कोरून त्यांच्या आधारावर मधला दात बसवितात. तो पक्का बसतो, पण त्यासाठी शेजारचे निरोगी दात झिजवावे लागतात.

तिसरा मार्ग रोपणाचा. टायटॅनियम धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या ध्यानात १९५२ मध्ये, सशाच्या हाडावरील प्रयोगांत आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रोग्याच्या जबड्यात असे कृत्रिम मूळ बसविले. हाडाशी ते एकरूप होण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने द्यावे लागतात. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे रोपण अयशस्वी होण्याचा धोका वाढतो. जाहिरातीत ते सर्वांसाठी असल्यासारखे दिसत असले, तरी प्रत्येकाला ते आवश्यक असते असे नाही. नमुन्यातील कामगाराला पुढे सेतू, मागे अंशतः कवळी आणि वाचविलेल्या दातांवर टोप्या एवढ्यावरही चांगले चावता व बोलता येईल.

“सर्व दात काढून कवळीच बसवा” हा सल्ला ऐकण्यास सोपा आहे. परंतु दात काढल्यानंतर, विशेषतः पहिल्या वर्षात, तेथील हाड वेगाने झिजते आणि पुढे कवळीलाही बैठक राहत नाही. वाचविता येण्याजोगे मूळ शक्य तोवर राखावे, हे आजच्या दंतवैद्यकाचे सूत्र आहे.

सोय कोठे आहे

ठाणे जिल्ह्यातील रोग्याने पहिली चौकशी जिल्हा सामान्य रुग्णालय, शहापूर व मुरबाड येथील शासकीय रुग्णालये किंवा आपल्या महानगरपालिकेचे रुग्णालय येथे करावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महानगरपालिकेचे असून कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची आहेत. विमाधारक कामगारांनी कामगार विमा योजनेच्या रुग्णालयातही विचारावे. दंतविभाग कोणत्या वारी चालतो आणि कोणते उपचार तेथेच होतात, हे जाण्यापूर्वी समजून घेतल्यास एक खेप आणि एक दिवसाची मजुरी वाचते.

टोप्या, सेतू आणि कवळ्या यांसारख्या दीर्घ कामासाठी दंत महाविद्यालये हा मध्यमवर्गीय व गरीब रोग्यांचा मोठा आधार आहे. मध्य रेल्वेने थेट गाठता येणारे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील शासकीय दंत महाविद्यालय आणि १९३३ साली स्थापन झालेले मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय ही त्यांतील जुनी नावे. नेरूळ व बेलापूर परिसरातही खासगी दंत महाविद्यालये असून ठाण्याहून तेथे लोकलने जाता येते. या ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ अधिक लागतो, खर्च कमी येतो.

खासगी दंतवैद्याकडे जाणाऱ्याने तीन गोष्टी मागाव्यात : नोंदणी क्रमांक, लेखी उपचार-आराखडा आणि टप्प्यांनुसार खर्चाचा तपशील. दंतवैद्य अधिनियम, १९४८ अन्वये दंतवैद्याची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी नसलेल्या माणसाकडून बसवून घेतलेल्या, हिरडीत रुतणाऱ्या पक्क्या दातांमुळे शेजारचे चांगले दातही नासतात.

सार्वजनिक जबाबदारी

दीर्घ उपचार अर्धवट राहण्याचे मोठे कारण म्हणजे वारंवारच्या खेपा. पावसाळा संपताच वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे, भिवंडीच्या यंत्रमागांवर पाळीने काम करणारे मजूर आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत लोकलने ये-जा करणारे चाकरमाने यांना सलग आठवडे काढणे जमत नाही. शहापूर-मुरबाडच्या गावांत भातलावणी उरकल्यानंतर आणि कापणीपूर्वी मिळणारे आठवडे तपासणी व पायाभूत उपचारांसाठी निवडता येतील. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीने अशा रोग्यांची यादी करून त्यांना एकाच दिवशी एकत्र पाठविण्याची व्यवस्था केल्यास प्रवासाचा भार हलका होईल. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत प्राथमिक मौखिक आरोग्याचा समावेश आहे; ती सेवा गावात प्रत्यक्ष मिळते की नाही, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यास हरकत नाही.

शाळांचे काम याहून मोलाचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. या कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या होणाऱ्या तपासणीत दातांचाही अंतर्भाव आहे. पथक येऊन गेल्यावर ज्या मुलांना पुढे पाठविण्यास सांगितले ती खरोखर गेली काय, याची नोंद वर्गशिक्षकाने ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी पहिली कायमची दाढ पालक दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडून दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही. पुढील पंक्ती ढासळण्यास बहुधा तेथूनच सुरुवात होते.

खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो मुळाला न धरता वरच्या भागाला धरून उचलावा, मळला असल्यास क्षणभर पाण्याखाली धरावा आणि शक्य असल्यास त्याच खोबणीत बसवावा. ते न जमल्यास दुधात बुडवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. असा दात पुष्कळदा पुन्हा रुजतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे आणि महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. या दोन नियमांचे पालन शाळेच्या फाटकाबाहेर दिसले पाहिजे. त्यासाठी मुख्याध्यापक, पंचायत सदस्य आणि स्थानिक अधिकारी यांनी एकत्र बसणे पुरेसे आहे.

कायमचे दात बसल्यानंतरही नमुन्यातील कामगाराचे काम संपत नाही. दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, सेतूखालील फट रोज साफ करणे, साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखूपासून दूर राहणे आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करून घेणे ही त्याची नित्याची शिस्त झाली पाहिजे. ती राहिली तर वाचविलेले दात दीर्घकाळ साथ देतील. ग्रामसभेत पदराआडून बोलणाऱ्या स्त्रीलाही हाच मार्ग मोकळा आहे. तिला तो कोणीतरी वेळेवर सांगितला पाहिजे, आणि पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत तिची पाठराखण केली पाहिजे.